तेरा मीटर

अक्रोडाच्या दोन ओळींत तेरा मीटर.
वडिलांनी ते कापणीयंत्राच्या रुंदीवरून ठरवलं,
झाडांना विचारून नव्हे.
ओदील हे सांगते तेव्हा हसत नाही.

मार्च संपत आलाय, वीदूर्ल नदीकडून वारा.
गहू गुडघ्याला टेकलाय
आणि अक्रोड अजून काळेठिक्कर, उघडे.
सगळ्या गावाला पालवी फुटली तरी
हे आपले अंथरुणातच.
त्यांच्या या उशिरावर गव्हाचं चालतं:
वरचं ऊन तो आधीच खाऊन घेतो.

जमिनीखाली मात्र भाऊबंदकी.
वरची ओल गव्हाने हिवाळ्यातच बळकावली,
कोवळ्या मुळांना आडवं पसरू दिलं नाही.
मग ती खाली गेली.
रुसून म्हणा, नाइलाजाने म्हणा,
एक पुरुष खोल, दोन पुरुष खोल,
पार त्या निळसर चिखलापर्यंत
जिथे विहीर खणणाऱ्यानेही हात टेकले होते.

तेव्हा फेर्नांने वही काढली.
झाडालगतचा पहिला मीटर: ओंब्या आखूड.
दुसरा: बरा.
सावलीने केलेली तूट त्याने किलोत मांडली
आणि बहिणीसमोर ठेवली,
झाडं तोडायची मजुरी खालच्या ओळीत.
ती म्हणाली, एवढं पीक निघू दे.
असं ती नऊ वर्षं म्हणाली.

मग तो मे महिना.
तीन दिवस असा झोत
की कुत्रं विहिरीचे दगड चाटत बसलं.
मोकळ्या रानातला गहू
दाणा भरायच्या आत पांढरा पडला.
ओळींमधला आठवडाभर जास्त हिरवा राहिला,
सावलीत, मुकाट, दूध धरत.

फेर्नांने तळव्यावर ओंबी चोळली, फुंकर मारली,
दाणे मोजले. पुन्हा मोजले.
वहीत त्या वर्षाचं पान आहे,
त्यावर नुसती तारीख.

याला प्रेम म्हणू नका, ओदील बजावते.
पहिल्या मीटरात ओंबी अजूनही आखूडच येते,
नांगराचा फाळ दरसाल मुळं तोडतो,
आणि पानगळ झाली की
तीच पानं कुजवून गहू खातो,
आभार न मानता.

आत्ता ती झाडांखालच्या गवताच्या पट्टीत बसलीय,
बोटं अक्रोडाच्या सालीने काळी.
फेर्नां पलीकडच्या ओळीत फांद्या छाटतोय.
मध्ये तेरा मीटर.
हाक मारली तर पोचते,
पुटपुटलेलं पोचत नाही.