काचेची किल्ली

धरणगावला वाचनालयाच्या भिंतीत
एक काचेची पेटी आहे.
तिची किल्ली माझ्या करगोट्याला,
अकरा वर्षं झाली.

सभासद लिहितात आणि डब्यात टाकतात.
डबा वनस्पती तुपाचा, झाकणाला चीर पाडलेली.
मंगळवारी मी तो टेबलावर उपडा करतो.
त्याआधी चष्मा पुसतो.
चष्मा स्वच्छ असला तरी पुसतो.

नियम मीच लिहिलेत, लाल शाईत:
शिवी नको. जाहिरात नको.
नाव घेऊन आरोप नको.
एकाचं एकच पान.

उखर्डू नानांनी मेलेल्या बैलावर सात पानं लिहिली.
सहा काढली मी.
नाना भांडले नाहीत.
एवढंच विचारलं,
त्याचे डोळे कोणत्या पानावर होते?

तडव्यांच्या मुबारकनं कविता दिली.
प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर उभं वाचलं
तर एका मुलीचं नाव, आडनावासकट.
मी ओळी खालीवर केल्या.
कविता तशी बरीच राहिली,
फक्त आता ती कुणासाठीच नव्हती.

रागावू नका. गाव लहान आहे.
काचेच्या आत सकाळी काय लागलं
ते दुपारी बसस्टँडवर पोचतं
आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर.

मग तो चिठोरा आला.
खताच्या पावतीची पाठकोरी बाजू, शिसपेन्सिल,
ओळी उताराला लागलेल्या.
केवळबाई, कापूस वेचणारी.
सगळं अहिराणीत:
मुकादमाचा काटा विसात एक किलो खातो,
दिवाळीपासून खातो.
पुढे मुकादमाचं नाव. बापाचं नाव. गल्ली.

मी बसलो दुरुस्त करायला.
शे चं आहे केलं. नाव खोडलं.
गल्लीही खोडली, कारण त्या गल्लीत मुकादम एकच.
शेवटी सुवाच्य अक्षरात उतरलं:
‘काही ठिकाणी वजनात तफावत आढळून येते,
संबंधितांनी लक्ष द्यावे.’
खाली तिचं नाव, नीट, अधोरेखित.

बुधवारी ती आली, केसांत सरकी अडकलेली.
काचेवर बोट फिरवत पूर्ण वाचलं,
मग पुन्हा पहिल्यापासून.
म्हणाली, चांगलं शे, भाऊ.
कोनी लिखं?

मी म्हटलं, ऊन फार झालंय, आत बसा.
ती बसली नाही.

नापास कागद मी कधी फाडत नाही.
घरी नेतो, माळ्यावर ठेवतो.
सून ते बिबड्या तळल्या की
तेल निथळायला खाली घेते.
रविवारी ताट रिकामं होत आलं तेव्हा
तिनं तळाचा कागद उचलला, उजेडाला धरला.
तेल प्यालेली पेन्सिल जास्तच काळी दिसत होती.
तिनं मोठ्यानं वाचलं. नातू हसला, काटा खातो म्हणे!
मग नाव आलं.

अहो मामा, ती म्हणाली,
हे तर परवा आपल्याकडे भरीत खाऊन गेले.

कुणी काही बोललं नाही.
बिबडी तोंडात मोडल्याचा आवाज
केवढा मोठा असतो.

तिसरा नियम मी कधी लिहिला
ते आठवायचा प्रयत्न करतोय.
तारीख आठवत नाही.
भरीत मात्र चांगलं झालं होतं.

आज सोमवार. अजून झुंजुमुंजू आहे.
पेटी उघडून उभा आहे, वाटीत खळ.
तफावत खरवडून काढली.
पण तेलाच्या कागदाला खळ धरत नाही,
तीनदा लावली, तीनदा गळून पडला.
टाचण्या आत टेबलाच्या खणात,
आणि आत गेलो तर
परत बाहेर येईन याची मला खात्री नाही.

म्हणून अंगठ्यानं दाबून धरलाय.
दुधाच्या किटल्या वाजताहेत कोपऱ्यावर.
पहिला माणूस येईपर्यंत
हात दुखला तरी चालेल.