इसार

पावतीच्या मागे बारीक छापलं होतं:
टोकन परत मिळणार नाही.
पुढे, निळ्या पेनानं, त्यानंच लिहिलं होतं:
दिवाळीच्या आत गाडी देतो. खाली सही, लांजेवार.
मी दोन्ही बाजू वाचल्या होत्या.
पंधरा हजार मोजून दिल्यावर वाचल्या, एवढंच.

पांढरी वॅगन-आर, बारा सालची,
डाव्या दाराला मार,
मागच्या काचेवर कोण्या आर्यनचं नाव.
मागची सीट पाडली की माझी रंगाची पेटी आडवी मावते,
दाढ्यांचा डबा मावते,
आणि राजाचा मुकुट, न चेमटता.
मुकुट घेऊनच गेलो होतो ब्रह्मपुरीला, मापाला.
लांजेवार हसला :
लोक हेल्मेट घेऊन येतेत जी, तुम्ही मुकुट.

मंडई लागली. नाटकं लागली.
गाडीचं काही लागेना.
बँकेचा कागद येऊन राहिला.
आला होता, नागपूरले गेला.
साहेब रजेवर आहे.
बोजा उतरला का किल्ली तुमच्या हातात.

बोजा पहिल्या मालकाच्या कर्जाचा.
मी मात्र पेटी टाकीवर घेऊन
वडसा ते कुरखेडा, कुरखेडा ते लाखांदूर,
पहाटे चारला, धानाच्या पुंजण्यांमधून,
वाघाचं भ्या मनात दाबून, मोटारसायकलवर.
मुकुट कुठंच बसेना.
एका रात्री डोक्यावर घातला
आणि हेल्मेट हँडलला टांगलं.
जंगलाच्या नाक्यावर शिपायानं बॅटरी मारली,
चेहऱ्यावर, मग मुकुटावर.
काही विचारलं नाही.
बांबू वर केला.

अनसूया म्हणाली, पैसे मागा.
तुम्हाले लाज वाटत असन तं मी जातो.

लाज नव्हती.
तीस वर्षं मी चेहरे रंगवतो.
खोट्याला घाम कुठं येते, मला ठाऊक आहे:
वरच्या ओठावर. रंग तिथूनच आधी सुटते.
लांजेवारचा ओठ कोरडा होता, दर खेपेला.
म्हणून महिनाभर थांबलो.
तो खोटा असता तर
आठ दिवसांत पैसे काढले असते.

मग एक दिवस गेलोच.
पावती टेबलावर ठेवली, निळी बाजू वर.
त्यानं ती उलटी केली.
मी सुलटी केली.
त्यानं पुन्हा उलटी केली,
मी पुन्हा सुलटी.
पोऱ्या चहा घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.
शेवटी लांजेवारनं कपाळ पुसलं.
पैसे माझ्यापाशी नाहीत जी.
तुमचाच इसार मी त्या नागभीडच्या मास्तरले दिला,
मास्तरनं बँकेत भरला.
सगळे थांबून आहेत.
मी म्हणालो, तुम्ही सगळे थांबा.
मला आज रात्री एक राजा, दोन चोर
आणि एक म्हातारी करायची आहे.

बाहेर आलो. गाडी तिथंच होती,
टायर बसलेला, खाली कुत्री आणि तिची चार पिल्लं.
आर्यनच्या नावावर धूळ.
मी काच पुसली नाही.
पुसायचं मनात आलं होतं.

होळीला पंधरा दिवस राहिले असतील.
तळोधीचा प्रयोग. पडद्यामागे बल्ब एकच.
चोराची मिशी चिकटवत होतो
तर आरशात लांजेवार, कानाला मफलर.
पाकीट काढलं. पूर्ण पंधरा.
शंभराच्या, पन्नासाच्या नोटा, कुठून कुठून जमवलेल्या.
पावतीवर निळ्या पेनानं लिहिलं, रक्कम परत दिली,
आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाला,
कागद आला जी. आज दुपारी.
बोजा उतरला.
आता घेता का?

तिकडे घंटा झाली.
चोर अर्ध्या मिशीचा, माझ्याकडे पाहून राहिला.
नोटा घेतल्या तर
बोटांना गोंद,
एक सुटे तर दुसरी चिकटे.
मी म्हणालो, थांबा जरा,
आधी मोजू द्या.