दोन शेरी

बाथच्या त्या चढावर
मधाच्या रंगाच्या दगडाची, खांद्याला खांदा लावून उभी घरं,
त्यातलं अकरा नंबरचं आमचं हॉटेल.
पाटी एवढीशी, पितळी. मी रोज घासतो.
ज्याला ठाऊक आहे त्यालाच सापडावं, असं मालकांचं म्हणणं.

नोव्हेंबरात आल्या मिसेस हेबलथ्वेट.
काठी, एक बॅग, ब्याऐंशी वर्षं.
मी लिफ्टकडे हात केला
तर त्या सरळ भिंतीकडे गेल्या,
वॉलपेपरवरच्या निळ्या पक्ष्याच्या पोटावर
तळवा टेकवून ढकललं
आणि नोकरांचा जिना उघडला.
ते दार आम्ही पाहुण्यांना दाखवत नाही.
मला स्वतःला सापडायला महिना लागला होता.

"तिसरी पायरी अजून बोलते," त्या वरून म्हणाल्या.

खोली घेतली होती रस्त्याकडची, सगळ्यात महाग.
छताला प्लास्टरची द्राक्षं, खांबांचा पलंग,
अंथरुणात गरम पाण्याची पिशवी.
किल्ली घेताना हळूच विचारलं,
"अकराला घंटी दाबीन म्हणते. येशील ना, ऑस्विन?"

तळघरात घंट्यांची फळी आहे अजून,
शोभेची. तारा कधीच्याच कापल्यात.
तरी अकराला मी ट्रे घेऊन फळीखाली उभा राहिलो.
घंटी वाजली नाही.
मी गेलो.

दार उघडलं तशा त्या ताडकन उठल्या,
काठीशिवाय,
नसलेल्या एप्रनला हात पुसत.
मग आपल्याच उठण्याला हसल्या,
पण बसल्या नाहीत.
मी तरी कसा बसणार?
चहा आमच्या दोघांमध्ये निवत राहिला,
खाली रस्त्यानं कुणीतरी सायकल ढकलत गेलं.

सकाळी डानूटा सांगत आली,
सात नंबरमध्ये अंथरूण आधीच घातलंय,
चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले.
"माझ्याहून चांगले," म्हणाली. जरा रागातच.

दिवाणखान्यात बाटल्यांशेजारी एक वही असते.
ज्यानं त्यानं ओतून घ्यायचं, ज्यानं त्यानं लिहायचं.
कुणी बघत नाही.
तिच्यात, थरथरत्या पण रेघ न सोडणाऱ्या अक्षरात:

शेरी, दोन.
एक कालची.
एक १९५८ची, मार्चमधली,
उभ्या उभ्या, पडद्यामागे.

हिशेब बघणारे मिस्टर ट्रॉटन
दुपारपासून विचारतायत,
दुसरीला दर कुठला लावायचा.