पाऊण तांब्या

डॉक्टर म्हणाले, दिवसाला सातशे मिली.
सातशे मिली म्हणजे किती,
हे औशाच्या माझ्या स्वयंपाकघरात कुणाला कळेना.
सांगितलं उदगीरच्या माणिक सोनकांबळेंनी,
ज्यांना मी अजून पाहिलेलं नाही:
"सकाळी पाऊण तांब्या भरून झाकून ठेवा, ताई.
गोळ्या, चहा, वरण, सगळं त्यातनंच वजा.
संपलं की संपलं."

आमच्याकडं नळ येतो आठव्या दिवशी.
पिंप, घागरी, टोपली, बादल्या
सगळं काठोकाठ भरते,
आणि त्या भरल्या घरात
जीभ टाळूला चिकटवून बसते.

रात्री दोनला फोनची काच उजळते.
जिंतूरच्या नूरजहाँ आपा जाग्याच असतात.
"बरफ चूस बेटा, पानी नक्को."
सेलूचा एक जण सांगतो,
पालेभाजी उकळून पाणी फेक, मग फोडणी.
सुई टोचताना कुठं बघायचं, हे माणिकरावांकडून:
"पंख्याकडं नाही, तो फिरतो.
खिडकीच्या गजाकडं."

एकदा कुणी काढा पाठवला,
एकवीस दिवसांत किडनी नवी.
आपा एवढंच बोलल्या,
"मेरे मियाँ ने पिया था."
थोड्या वेळानं काढ्याच्या जागी
मेसेज काढून टाकल्याची ओळ होती.

डाव्या मनगटात शीर जोडलीय माझी.
कान लावला की लांबच्या बोअरची मोटार ऐकू येते.
मंगळवारी पहाटे ती मंद वाटली.
लिहायला हात धजेना.
फोन मनगटाला लावला, आवाज भरला, धाडला.

"चालू हाय की. हळू हाय, पण वढलालीय.
तरी उजाडल्याबरोबर दाखवून या."
मागोमाग त्यांच्या हाताचा आवाज आला.
मग आपांचा. मग सेलूचा.
अंधारात एकेक ऐकत गेले,
कुणाची भरभर, कुणाची घरघर,
एकात मागं कोंबडा.
गंगाखेडच्या प्रल्हादचा आला नाही.
पोळ्यापासून येत नाही.
त्याचं नाव कुणी काढत नाही,
यादीतूनही नाही.

लातूरला त्या दिवशी पलंग भिंतीकडचा मिळाला.
तसं कळवलं.
उदगीरहून एक फोटो आला,
खिडकी, लिंबाची फांदी, खाली उभा टँकर.

सिस्टरनं कापूस फिरवला.
मी गज मोजायला लागले.
सात होते, एक वाकडा.