उपयोगिता प्रमाणपत्र

चेंडू, चार डझन : पावती जोडली.
वह्या, कंपासपेट्या, नववीची गाईडं : पावती जोडली.
रॅकेटच्या तारा दोनदा बदलल्या.
मे महिन्यात त्या आपोआप सैल पडतात,
हे ट्रस्टच्या साहेबांना कसं लिहावं?

जाळीची पावती नाही.
गोळीबार चौकातल्या परातेंनी ती
मागावरच्या उरल्यासुरल्या सुतानं सांधली.
पैशाचं काढलं तर म्हणाले,
"काऊन जी? माही पोरगी खेळते ना तिथं."

ती पोरगी, प्रांजली.
सर्व्हिसच्या आधी चेंडू आपटत राहते,
ओठ हलतात.
मला वाटलं, देवाचं नाव घेते.
जवळ गेलो तर सतराचा पाढा.

रकाना सात : लाभार्थीत दिसलेला बदल.
जागा दीड ओळ.
लिहितो :
सतरा नव्वे एकशे त्रेपन्न,
चेंडू रेषेला चाटून आत.