हवाई अंतर

त्लेमसेनच्या झेनाता विमानतळापासून
उज्दाच्या अंगाद विमानतळापर्यंत
सरळ रेषेत पन्नास किलोमीटर.
उड्डाणाचा अंदाजे वेळ: नऊ मिनिटं.
संगणकाला काय, तो सांगतो.
उपलब्ध विमानं: शून्य.
हेही तो त्याच अक्षरांत सांगतो.

काउंटरपलीकडे हाज घौती,
गुडघ्यांवर चेरींची पेटी, वर ओलं फडकं.
"नऊच मिनिटं ना? मग काढ तिकीट, वसीला.
खैराला आजच पोचायला हव्यात,
उद्या देठं सुकतील."

दरवर्षी चेरी पिकल्या की मी त्यांना समजावते.
आधी अल्जीयर्स.
मग ट्युनिस, तिथे रात्र बाकावर.
मग कासाब्लांका, तेही समुद्रावरून वळसा घालून,
कारण आपल्या आभाळातून त्यांची विमानं जात नाहीत.
मग उज्दा. सगळं मिळून सव्वीस तास.
ते बोटांची पेरं मोजतात, मध्येच सोडून देतात.
"म्हणजे मागच्या दारी जायला
अख्ख्या गावाला प्रदक्षिणा."

रस्ता आहे. चांगला रुंद आहे.
मघनियाच्या पुढे जिथे तो थांबतो
त्या नाक्याला जुनी माणसं 'दोन खेचरं' म्हणतात.
एके काळी हाज तिथून टॅक्सीने जायचे,
पाचांच्या जागेत सातवे,
बहिणीकडे जेवून दिवेलागणीला घरी.
आता तिथे लोखंडी अडसर,
आणि दोन्हीकडे शिपाई,
एकाच बोलीत जांभया देणारे.

हाजचा स्वतःचा एक हिशेब आहे, रमजानातला.
सूर्य आधी इथे बुडतो,
उज्दाला अडीच मिनिटांनी.
इथली अजान झाली की हाज फोन लावतात.
पलीकडे खैराचा उपास अजून सुटायचा असतो.
सुरुवातीची काही वर्षं
ते फोनमध्ये मुद्दाम मचमच खायचे,
ती शिव्या घालायची, नवऱ्यादेखत.
हल्ली खजूर हातात धरून थांबतात.
बोलत कुणीच नाही.
तिच्या स्वयंपाकघरात कुठलासा नळ ठिबकतो
तो इथे ऐकू येतो.
मग तिकडचा भोंगा,
आणि घासाआधीचं बिस्मिल्ला, दोन म्हाताऱ्या आवाजांत.

"सूर्याला अडीच मिनिटं," हाज म्हणाले,
"तुझ्या विमानाला नऊ.
मग हे सव्वीस तास नक्की कुणाचे?"

मला पगार तिकिटांचा मिळतो.
मी प्रिंटरमधला कागद उगाच सारखा केला.

"तिकीट राहू दे," ते म्हणाले.
"ते पहिलं पान छापून दे. पन्नास किलोमीटरचं."
दहा दिनार होतात.
त्यांनी वीस दिले, सुटे घेतले नाहीत,
कागदाची चौघडी करून कोटाच्या आत घातली,
जिथे लोक पासपोर्ट ठेवतात तिथे.

पेटी इथेच ठेवून गेले.
दिवसभर जो आला त्याने मूठभर उचलल्या:
मार्सेलचं तिकीट रद्द करायला आलेली बाई,
पाणीवाला पोरगा,
हाजना ओळखणारे, न ओळखणारे.
खरंच गोड होत्या.
मी बिया बशीत गोळा केल्या, टेबल पुसलं,
फोनजवळ बसून खैराचा नंबर शोधला
आणि नाही लावला. काय सांगणार होते?

रस कुठे सांडला ते दुसऱ्या दिवशी कळलं.
किबोर्डवरचं शून्य अजून चिकटतं.
एकदा दाबलं की बोटाबरोबर वर येतं,
सुटायला वेळ लावतं.