इतर

साहेबांनी गठ्ठा हातात ठेवला:
नवी बॉडी आली आहे, पहिल्या शंभर दिवसांत काय करायचं
ते लोकांना विचारून या.
पिवळट कागद. पाच चौकोन.
पाणी, रस्ते, गटार, दिवे, इतर.
प्रत्येकापुढे आकडा टाकायचा, एक ते पाच.
इतरपुढे बोटभर रेघ.

मी लोटन बाविस्कर, आवक-जावक,
चोपडा नगरपरिषद, ठेक्यावर, सहावं वर्ष.
गल्ल्या मला पत्त्यांवरून माहीत,
माणसं तक्रारींवरून.

सुपडाबाई महाजन ओट्यावर दादर पाखडत होती.
पाणी किती नंबरला, म्हटलं.
"पानी येस. पन रातना दोनले येस.
चार वरीस व्हयनात, मन्ही झोप पुरी व्हयनी नही.
पानी नको लिखू. झोप लिख."
मी टाकलेला एकचा आकडा खोडला.
रेघेवर लिहिलं: झोप.

जुबेदा तडवी तहसीलसमोर उकडलेल्या शेंगा विकते.
तिने काहीच मागितलं नाही.
मी उठताना एवढंच म्हणाली,
"सकाळी घरून निघताना मी पाणी पीत नाही, भाऊ.
संध्याकाळी घरी गेल्यावर पिते."
हे पाण्यात टाकावं की गटारात,
मला समजेना.
पेनाचं टोपण चावत मी उन्हात उभा राहिलो.

वसतिगृहाच्या पायऱ्यांवर सायसिंग पावरा.
कागदावर पहिलाच रकाना, घरपट्टी क्रमांक.
"आम्ही इथले धरता का?" त्याने विचारलं.
दहा महिने इथे, दोन महिने डोंगरात.
मी त्या रकान्यात रेघ मारली आणि म्हणालो, बोल.
"वाचनालय रविवारी उघडं पाहिजे.
रविवारीच खोलीत बसवत नाही."

भंगारवाला हिलाल मात्र कागद बघून हसला.
"मागल्या खेपेचा कुठे गेला?"
मी म्हटलं, बघावं लागेल.
खोटं बोललो.
मागच्या खेपेचे तीनशे अठरा कागद
मीच घेतले होते, मीच शिक्के मारले,
रेकॉर्ड खोलीत, खिडकीजवळच्या कपाटात,
वरून तिसरा कप्पा.
आवकला नंबर पडला होता.
जावकला पडला नाही.

आणि शकूर मणियार, पंक्चर काढता काढता:
"आमच्या गल्लीत दिवा आहे.
आमचा एक नंबर स्मशानाकडच्या वळणाला द्या.
क्लासच्या पोरी तिथून सायकली हातात धरून चालतात,
पंक्चर नसताना."
असा आपला नंबर दुसऱ्याला देता येतो का,
सूचनांमध्ये लिहिलेलं नव्हतं.
मी दिला.

रेघ संपली की कागदाची पाठ.
पाठ संपली की समास.

मग सभा. पडद्यावर रंगीत गोल.
पाणी एवढं, रस्ते एवढे,
आणि अर्ध्याहून मोठा राखाडी तुकडा.
नवीन अध्यक्षाबाई म्हणाल्या, हे इतर म्हणजे काय?
अभियंता म्हणाले, किरकोळ असतं मॅडम.
मी मागे, चहाच्या ट्रेजवळ.
मला बोलायचा अधिकार नाही,
ठेक्याच्या अटींत तसं स्पष्ट आहे.
तरी तोंडातून गेलं: झोप.

माना वळल्या.
बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, वाचा.

मी वाचत राहिलो.
कुणी मोबाईल काढला, कुणी घड्याळ पाहिलं,
लग्नाला जायचं म्हणून चार जण उठले.
चहावर साय धरली.
अभियंत्यांनी एकदा जांभई दिली,
एकदा वहीत काहीतरी टिपलं.
शंभर दिवसांत काय होईल
मला माहीत नाही. कपाटात जागा अजून आहे.

पण सुपडाबाईचा कागद वाचत होतो,
रात्री दोनला पाणी,
तेवढ्यात दारातून, चपलांच्या ढिगामागून,
आवाज आला:
"दोनले नही रे भाऊ. अडीचले.
नीट लिख."

सगळ्यांसमोर मी खिशातलं पेन काढलं,
दोन खोडले,
अडीच केले.